कानस

उभादांड्याच्या तारवटी पास्कोलनं ती आणली
बोटीवरच्या गोधडीत गुंडाळून.
कुठल्या बंदरात घेतली ते कधी नीट सांगितलं नाही.
माझ्या हातात आली तेव्हा लाल होती.
म्हणाला, "ह्यां लाकूड आमच्या वाऱ्याक टिकूचां नाय.
तरी वाजव."

टिकलं. म्हणजे लाकूड टिकलं.
बाकीचं खाऱ्या हवेनं एकेक करून मागून घेतलं.

आधी स्क्रू गेले.
त्या जागी ट्रॉलरच्या इंजिनातले स्टीलचे पिळले,
त्यातला एक अर्धा सूत जाड,
अजून डोकं वर काढून असतो
आणि दर लग्नसराईत माझ्या सदऱ्याचं एक बटण खातो.
मग पिकअप मुका झाला,
शिरोड्याला, ऐन दुसऱ्या गाण्यात.
मोतीराम रेवंडकर पंख्याच्या मोटारी भरतो.
त्याला म्हटलं, हे भर.
केसाहून बारीक तार. तो वेढे मोजत होता,
पाच हजारांच्या पुढे गिऱ्हाईक आलं,
आकडा विसरला, पुढचं अंदाजानं गुंडाळलं.
तो अंदाज आजही ऐकू येतो:
खालच्या तारेत जरा जास्त माया आहे.

बटणं मेलेल्या रेडिओची.
एकावर अजून 'स्टेशन' लिहिलंय,
फिरवलं की आवाज कमी होतो.

रंग उडाला तेव्हा सावंतवाडीला नेली.
लाकडी आंबे-केळी रंगवणाऱ्या बाईनं
तिला उलटीपालटी करून पाहिलं,
विचारलं, "हेका काय समजान रंगवू? फळ काय पाट?"
आणि लाखेचा पिवळा चढवला, पिकल्या केळ्याचा.
कोपर टेकतं तिथे तो पिवळाही झिजला,
खाली जुना लाल, त्याच्या खाली लाकूड,
तळहातासारखं.

आणि ती गुणगुणायची.
बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीचा कॉम्प्रेसर लागला की
कुणी हात न लावता, एकाच सुरात,
गाणं कुठल्याही पट्टीतलं असो.
मी तिचं पोट उघडलं,
काजूच्या डब्याचा पत्रा कापून आत बसवला, डाग दिला.
गुणगुण थांबली.
दोन वर्षांनी फॅक्टरीही थांबली.
मग एका रात्री मी पत्रा उचकटून काढला,
स्पीकरला कान लावून बसलो.
काहीच नाही. लांबवर कुणाचा तरी पंप.

पास्कोल म्हातारपणी आला, चष्मा पुसून बघत राहिला:
"अरे, हेच्यात मूळचां काय रवलां?"
मी म्हटलं, तुझ्या होडीत काय रवलां?
तो हसला नाही.
दुसरी एक काळी आहे, कपाटावर, नवीकोरी,
भावानं मस्कतहून पाठवलेली.
तिला मी वर्षातून दोनदा पुसतो.

परवा केतकीनं पिवळी उचलली.
पोरगी डावखुरी. उलटी धरली,
माझ्या कोपराची जागा तिच्या मांडीवर,
'स्टेशन' तिच्या मनगटाखाली.
"बाबा, तारा उलट्या लावूया?"
लावल्या. जाड तारेच्या खाचेत बारीक तार
सैल बसली, चरचरली.
शिंगाच्या पट्टीतल्या त्या खाचा
माझ्याच हातानं पाडलेल्या, माझ्याच हिशोबाच्या.

सगळं बदलत आलेला मी, तिथे अडलो.
म्हटलं, सुट्टीत बघू.
म्हटलं, काळी घे ना, नवी आहे.
ती काळीकडे बघायलाही गेली नाही.

आज बाळा धुरीच्या गोठ्यावरून
म्हशीच्या शिंगाचा तुकडा आणला.
कानस तिच्या हातात दिली.
"हळू. घासलेलं परत येत नाही."
ओट्यावर काळा भुगा, जळक्या केसांचा वास,
वाऱ्यानं अर्धा भुगा माझ्या चहात.
ती डाव्या हातानं घासतेय,
थांबते, डोळ्याजवळ नेते, परत घासते.
मोजतेय की अंदाजानं,
विचारलं नाही.