रिकामी आहे

नागदेवी स्ट्रीटच्या पोटमाळ्यावर
परकारचाचा जुनी लुंगी अंथरतात,
तिच्यावर पॉइंट टू टूची रायफल.
"रिकामी आहे," मी म्हणते.
"असं म्हणणाऱ्यांच्याच हातून माणसं मेलीत."
मॅगझीन काढायचं. बोल्ट मागे ओढायचा.
मग करंगळी घालून चेंबर चाचपायचं,
डोळ्यांवरसुद्धा विसंबायचं नाही.

दोन पिना ठोकल्या की ट्रिगरचा अख्खा संच
खेकड्याच्या पोटासारखा तळहातावर येतो.
बोल्ट उचलताना अंगठा दाबून ठेव, ते सांगतात.
मी विसरते.
स्प्रिंग उडते.

पाऊण तास आम्ही दोघं गुडघ्यांवर,
दोऱ्याला लोहचुंबक बांधून फळ्यांच्या फटी धुंडाळतोय:
टाचण्या, चार आण्याचं नाणं, कुणाच्या ब्लाउजचे हूक.
खाली बेअरिंगवाले, हातगाड्या, शिव्या.

चाचांचं तोंड चालूच:
गोळी पुढे सुटते, तिचाच धक्का बोल्टला मागे लोटतो,
रिकामं पितळ बाहेर, घोडा ताणलेला,
आणि ही हरवलेली बया त्याला परत पुढे आणते,
येताना दुसरी गोळी घेऊन.
"बोट तेवढं तुझं. बाकी सगळं तिचं ती करते.
म्हणून बोटाला शिकव."

सापडली. दाराच्या बिजागरीत,
खाऱ्या हवेनं एका टोकाला आधीच तांबूस.

तेलाचे दोन थेंब. उलट्या क्रमानं जोडणी,
तिसऱ्या खेपेला जमते.
कपाटाची किल्ली शोधत ते सहज विचारतात,
"रिकामी आहे ना?"

"बघते," मी म्हणते
आणि बोल्ट ओढून
करंगळी आत घालते.