फक्त वाचण्यासाठी

उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या घरात
भिंत चढवता चढवता गवंडी थांबला.
"मालक, ह्या निळ्या वायरीचं काय करायचं? तोडू?"
मी बाबासोकडं बघितलं. त्यानं छताकडं.
तोड, असं कुणीच म्हणालं नाही.
मग त्यानं वायरीभोवतीनंच विटा रचल्या,
गिलाव्यात बोटभर भोक राहिलं.

वायर इंद्रजितनं ओढलेली, दहावीच्या सुट्टीत.
माझ्या खोलीतला कॉम्प्युटर, त्यांच्या माडीवरचा एक,
मधे एक डबी, रात्रभर हिरवी मिचमिचणारी.
"थोरले आबा, आता पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढायला नको."
फोल्डर केला आणि नाव विचारलं.
मला सातबाऱ्यातलाच शब्द सुचला:
सामाईक.
विहीर असते, बांध असतो, तसा.

वाटणीत सगळं मोजलं गेलं.
उद्यमनगरातलं पॅटर्नचं दुकान, सागवानी साचे,
कानस आणि रंधेसुद्धा.
नळाची वेळ: चार ते साडेचार आम्ही, पुढं ते.
पाटा इकडं आला, वरवंटा तिकडं गेला,
हट्टच होता तो, दोघांचा.
महिन्याभरात दोन्हीकडं मिक्सर आले.

फोल्डर तेवढा कुणाच्या लक्षात आला नाही.

एकच शब्द आहे आपल्याकडं.
जमीन वाटली की अर्धी होते.
खोबरं, तीळ, लसूण वाटलं की एकजीव होतं.
मनाला वाटतं ते कुणाला सांगता येत नाही.
आणि फाईल वाटली
तर दोन्हीकडं अख्खीच राहते.
हे शेवटचं मला साठीनंतर कळलं.

सहा वर्षं बोलणं नाही.
झोप नसली की मी नेटवर्क उघडून बघायचो.
बाबासो-पीसी दिसला की बरं, चालू आहे.
नाही दिसला तर म्हणायचो, लाईट गेली असंल
(आमच्याकडं असायची तरी).

परवा रात्री त्यात एक नवी फाईल. लग्नयादी.
उघडायला गेलो तर चौकट आली:
ही फाईल बाबासो यांनी उघडलेली आहे.
तुम्हाला फक्त वाचता येईल.
चालतंय की.
इतकी वर्षं दुसरं काय करत होतो.

सोळांकूरचे मामा, माणसं नऊ.
कसबा बावड्याच्या व्याह्यांचे व्याही.
फौंड्रीवाले दोघं, दूधवाला, चष्म्याचा डॉक्टर.
एकेचाळिसाव्या ओळीत: थोरले.
माणसं: ?

भोकातून त्याच्या खुर्चीची करकर येत होती.
कर्सर काही दिसत नाही पलीकडचा,
पण तो त्याच प्रश्नचिन्हावर बसलाय
हे मला न दिसता कळत होतं.
खाली बटण होतं: मोकळी झाली की कळवा.
दाबलं, आणि बसून राहिलो.

एकदा खोकला.
सव्वाएकला खुर्ची सरकली, दिवा गेला,
आणि माझ्या पडद्यावर आलं:
फाईल आता दुरुस्तीसाठी मोकळी आहे.

मी प्रश्नचिन्ह खोडलं. चार लिहिलं.
खोडलं. इस्लामपूरची लेक येणारच की,
पाच केलं.
सेव्ह करून पटकन बंद केलं,
दुसऱ्याच्या शेतातनं ऊस मोडून पळावं तसं.

पहाटे नळाला तो होता, मी होतो.
त्याची घागर वेळेआधी आलेली,
माझी वेळ संपून गेलेली.
बोललं कुणीच नाही. पाणी बारीक होतं.

रात्री परत यादी उघडली, तर परत तीच चौकट.
एकेचाळीस. माणसं: पाच.
आणि आतापर्यंत रिकाम्या असलेल्या शेरा रकान्यात:
तांबड्याचं वाटण तुमच्यात.
वरवंटा सकाळी पोरगा घेऊन येईल.

फाईल त्याच्याकडं उघडीच होती.
मी फक्त वाचलं.