पसंतीक्रम

रात्री अकरा पंचावन्नला यादी बंद होणार.
आत्ता दहा वीस. जतच्या या रुग्णालयात
नेट येतं ते फक्त औषधभांडाराच्या पायरीवर,
म्हणून मी सलाइनच्या खोक्यावर,
मांडीवर लॅपटॉप, पायाशी वॉर्डाचं कुत्रं.

पहिल्या क्रमांकावर अजून काही नाही.

अण्णांचं म्हणणं सरळ आहे: त्वचारोग.
रात्री दोनला कुणाची खाज जिवावर बेतत नाही.
काकांचं: क्ष-किरण. अंधारात, पण खुर्चीवर.
"आणि ते आपत्कालीन-बित्कालीन काय काढलंय नवीन?
कॅज्युअल्टीचीच पाटी बदलली असंल."

पाटी बदलली आहे, खरंच.
गेल्या मंगळवारी मिरजेला जाऊन बघून आले.
जुनी अक्षरं खरवडली तरी नव्या नावाखालून
'अपघात' वाचता येतं.
रंग ओला होता. बोटाला लागला, तांबडा,
दोन दिवस नखात राहिला.

निर्मळेबाई शिडीवर उभ्या होत्या,
ऑक्सिजनची तोटी स्वतः पिळून बघत.
जागा तीन. पहिलीच बॅच.
ग्रंथालय म्हणजे एक कपाट, त्यात बाईंचीच पुस्तकं,
एकात खुणेला खानावळीचं बिल.
सीनियर कोण असतील, मी विचारलं.
"कोणी नाही. तुम्ही चुकलात तर मी ओरडेन.
मी चुकले तर तुम्ही.
ते आधी शिकावं लागेल."
मग म्हणाल्या, जरा शिडी धरा.
धरली. वीस मिनिटं.

अर्जात 'का?' असा रकाना नाही.
संगणक विचारत नाही. अण्णा विचारतात.

अण्णांना माडग्याळचा पोरगा सांगितलेला नाही.
अकरा वर्षांचा. जमिनीवर झोपलेला,
पहाटे पोट दुखतं म्हणून उठला
आणि पापण्या उचलेनात.
दंश कुठं सापडेना. मण्यार तशीच,
डास चावल्यासारखी चावून जाते.
लस दिली. तरी श्वास उथळ होत गेला,
उन्हाळ्यात बोअरचा पाइप नुसती हवा ओकतो, तसा.
नळी घातली, माझ्या आयुष्यातली चौथी.
व्हेंटिलेटर मिरजेत. मधे ऐंशी किलोमीटर.

दस्तगीरनं गाडी काढली.
मी आणि साळवे सिस्टर आळीपाळीनं अंबू दाबत,
दाब, सोड, एक. दाब, सोड, दोन.
नागज फाट्याशी उसाच्या दोन ट्रॉल्या,
मागं एक लाल दिवा नाही.
दस्तगीरनं शिवी हासडली, लगेच "सॉरी मॅडम,"
सिस्टरची प्रार्थना नि माझे आकडे
एकमेकांत मिसळले.
कवठ्याच्या पुढं बोटांत पेटके आले.
बोटं माझी राहिली नव्हती, आकडे होते.

महिन्यानं तो आईबरोबर आला, शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन.
खाली बघत म्हणाला,
"मॅडम, तुमी चुकला हुता.
सत्तावीस झाल्यावर येकदम एकोणतीस म्हटला."

पुस्तकात होतं ते. मी वाचलेलंही होतं:
मण्यारीत शरीर थांबतं, शुद्ध राहू शकते.
परीक्षेत दोन मार्कांना आलं असतं तर लिहिलं असतं.
पण तो आत होता. मोजत होता.
अठ्ठावीस राहिला, हे त्याला कळलं होतं,
आणि सांगायला तोंड नव्हतं.

अकरा चाळीस.
पहिल्या रकान्यात मिरज टाकलं.
दुसऱ्यात पण तेच शास्त्र, दुसरं गाव.
त्वचारोग सातवा, अण्णांच्या मानासाठी.

आता सांकेतिक क्रमांक हवा,
आणि तो जातो अण्णांच्या मोबाइलवर,
कारण नोंदणी त्यांनी केली, फी त्यांनी भरली.
फोन लावला. जागेच होते.
चष्मा शोधल्याचा आवाज. मग एकेक आकडा,
सोसायटीत उसाचं वजन वाचावं तसा, ठासून:
चार. शून्य. नऊ.
"पहिलं काय टाकलंस?"
अण्णा, आधी पुढचे तीन सांगा.

फाटकाशी जीप थांबली, कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय.
कुत्रं उठलं.
सात, म्हणाले. दोन. मग थोडं थांबून, आठ.
मी टिपून घेतले,
एकही न गाळता.