चौथा भराव

वार्तिनीच्या घरातल्या मधल्या खांबावर
पेन्सिलीच्या रेघा आहेत, मुलीच्या उंचीच्या.
दिसतात त्यांतली सगळ्यांत खालची तिसऱ्या वाढदिवसाची.
ती माझ्या घोट्याला लागते.
पहिली, दुसरी कुठे? विचारलं
तर तिनं टाचेनं जमीन ठोकून दाखवली.

जकार्ताचं उत्तर टोक. शेवटच्या गल्लीनंतर भिंत,
भिंतीनंतर समुद्र, आणि तो वर.
होडीतला माणूस उभा राहिला की
त्याला आपल्या छपरांवरचे टायर दिसतात,
टायरांखाली दाबलेले पत्रे,
वाळत टाकलेली एखादी शाळेची टोपी.

मी आलेय जमीन मोजायला.
तिपाई मांडते, बुडबुडा मधोमध आणते, आकडा लिहिते,
मागच्या खेपेच्या आकड्यातून वजा करते.
कार्यालयात हा कागद दुसऱ्या कागदांना टाचतात,
ज्यांवर मनोरे, मॉल, माणसं, मोटारी
सगळे आलेख उजवीकडे वर चढत गेलेले.
माझाच तेवढा उतरतो. तो शेवटच्या पानावर असतो.

पहिला भराव शिंपल्यांचा होता, वार्तिनी सांगते.
कास्मादी तेव्हा होडी न्यायचा,
हिरवे शिंपले पोत्यानं यायचे,
उकडायचे, सोलायचे, विकायचे, टरफलं दारातच.
दुसरा विटांचा. तिसरा, चौथा
त्या तिकडच्या मनोऱ्यातून उरलेल्या मलब्याचा,
ट्रकवाला ओळखीचा, अर्ध्या पैशात.
दर खेपेला जमीन वर आली, छप्पर होतं तिथंच.
तिसऱ्या वेळी पंखा काढला.
दार दोनदा वरून कापलं.
कास्मादी घरात शिरताना आता नमाजातल्यासारखा कमरेत वाकतो,
म्हणतो, बरं आहे, सवय राहते.

होडी विकली. शिंपल्यांत काहीतरी काळं यायला लागलं होतं,
कोणी म्हणे कारखाने, कोणी म्हणे नशीब.
आता तो त्याच मनोऱ्यात रात्रपाळीला असतो.
अकरा वाजता बटण दाबतो
आणि खोल खालून, चिकणमातीच्याही खालून
पाणी चढतं बत्तीस मजले,
कोणाच्या तरी अंघोळीला.
हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही तिपाईचे पाय मिटत राहिले.
सकाळी हातगाडीवरून वार्तिनी पाणी विकत घेते, तीन कॅन.
दोन भाताला, एक बाकी सगळ्याला.

समोरच्या खोलीत तिची खानावळ.
दुपारी बांधकामावरची पोरं येतात,
तेगलहून, लाम्पुंगहून, दर महिन्याला नवी,
एका खोलीत आठ, पाळीपाळीनं झोपणारी.
भात घालता घालता तिनं विचारलं,
तुझ्या कागदावर वर चढतात त्या रेघांना
तुझ्या भाषेत काय म्हणतात?
वाढ, म्हटलं.
आणि तू हे आत्ता करतेयस ना, डावानं, तेही वाढणंच.
मूल वाढतं. शहर वाढतं. पाणी वाढतं.
आणि बांगडी फुटली तर आई आम्हाला फुटली म्हणू द्यायची नाही.
म्हणायची, वाढली.

वार्तिनी थांबली. मग इतकी हसली
की डाव पातेल्यावर आपटला.
रासितीला हाक मारून तिनं ते तिच्या बोलीत सांगितलं,
मला कळलं ते एवढंच:
बघ, आपलं घर वाढलं.
पोरंही हसली. एकानं ताट पुढे केलं.

रासिती आता बारा पूर्ण.
जानेवारीत डोक्याबरोबर काढलेली रेघ
या भरावानंतर तिच्या छातीशी आलीय.
कुठून तरी पेन्सिल घेऊन आली, पाठ टेकली खांबाला,
म्हणाली, तू काढ, तू मोजणारी आहेस.
मी तिच्या केसांवर वही आडवी धरली.
वहीपासून तुळईपर्यंत एक वीत, वर दोन बोटं.
कुठून मोजू? मी विचारलं.
कुठल्या जमिनीपासून?

काढ ना लवकर, ती म्हणाली,
भात निवतोय.