रात्रपाळी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळ द्या,
आतड्याला सगळं पुन्हा शिकावं लागतं.
दीड फूट काढलं. सहा महिने पोटावर पिशवी.
मग जोडलं टोकाला टोक,
जशी मी जोडतो सहा इंची लाइन,
फ्लँजला फ्लँज, मध्ये गॅस्केट.
फरक एवढाच, की माझा जोड
पाण्याच्या दाबाखाली रात्रभर ठेवून
कुणी कागदावर सही केली नाही.

महबुला, चौथा मजला, एका खोलीत चौघं.
मला खालचा पलंग मिळाला
कारण टेकबहादुरने काही न विचारता
आपली वळकटी वर फेकली.

दिवसा बरं असतं. दिवसा पहारा असतो.
बसमध्ये, सेफ्टीच्या भाषणात, डोक्यावर हेल्मेट,
मी गुपचूप आवळतो, दहापर्यंत मोजतो, सोडतो.
फोरमनला वाटतं, फार मन लावून ऐकतोय.
पाचला जेवतो. मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा.
वर्गीस मच्छीकरी करतो, तिचा मी फक्त वास घेतो.
मग गोळी. मग डाव्या कुशीवर.
पण मी झोपलो की पहाराही झोपतो.

कळत नाही, हे सगळ्यात वाईट.
स्वप्नात ओहोळात पाय सोडून बसलेला असतो,
आज पाणी कोमट कसं, असं वाटतं
आणि जाग येते.

एसीचा खडखडाट, तोच काय तो आडोसा.
त्याच्याआड सगळं उरकायचं:
चादर ओढणं, रेक्झिन गुंडाळणं,
मोबाइलचा उजेड तळहाताने झाकणं.
वास झाकता येत नाही.
अगरबत्ती लावली तर वर्गीस विचारेल,
ही कसली पूजा अवेळी?

फहाहीलच्या औषधवाल्याने, इजिप्तचा आहे,
पहिलं पाकीट काळ्या पिशवीत घालताना विचारलं,
वडिलांसाठी?
मी हो म्हणालो.
वडील जाऊन अकरा वर्षं झाली.
आता तो दर पंधरवड्याला त्यांची तब्येत विचारतो
आणि मी सांगतो, सुधारतायत.

जुलैतली एक रात्र. संध्याकाळी धुळीचं वादळ होऊन गेलेलं.
मोरीत उकिडवा बसून घासत होतो.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्रीसुद्धा चटका देतं.
कडी नीट लागत नाही त्या दाराची.
मान वर केली तर टेकबहादुर.
चहा सांडला, मी म्हणालो.
रात्री अडीचला. चादरीवर. चहा.
तो हं म्हणाला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

इतके महिने मी ती नळाला गुंडाळून पिळत होतो,
अर्धं पाणी तसंच राहायचं.
आता समोरासमोर उभे,
दोघंही आपापल्या उजवीकडे फिरवत गेलो
तसा पीळ बसत गेला, दोरखंड झाला.
धार. मग थेंब. मग एक थेंब, बराच वेळ लोंबकळून.
मग काही नाही.
साइटवर प्रेशरच्या काट्याकडे बघून म्हणतो
त्याच आवाजात तो म्हणाला,
होल्डिंग, उस्ताद.
मी हसलो. हसताना आवळून धरलं.

गच्चीवर नेली. तिथे तेव्हाही चाळीस डिग्री.
बांग व्हायच्या आत वाळली,
वर बारीक धूळ बसली, ती झटकली.
टेकबहादुर खाली जाऊन पुन्हा घोरायला लागला.

पाचला सुलभाचा फोन. निज लागली मां?
रोज म्हणतो, लागली.
आज म्हणालो, अडीचपर्यंत.
तिकडे थोडा वेळ फक्त कुकर.
मग म्हणाली, पोरीच्या येळचा रबर आसा माझ्याकडे.
मी तिला रेक्झिनचं कधी बोललो नव्हतो.
लहान पडेल, म्हणालो.
दोन जोडून शिवतंय, ती म्हणाली,
पण धाडू कोणाबरोबर?