सुपात

वहीत नाव लिहून घेताना विचारलं, वय?
"लिख साठ. नई ते सत्तर. तुन्हा सरकारले पटी ते."
सुपडाबाई दगा कोळी, शेवटची गल्ली, बोरीच्या अंगाला,
पायरीवर तूर पाखडत.

थोरली तीन भावंडं पाळण्यातच गेली,
म्हणून हिला जन्मताच सुपात घातलं,
उकिरड्यापर्यंत नेलं, टाकल्यासारखं केलं,
आणि दाईला शेरभर दादर देऊन परत विकत घेतलं.
मरणाला वाटावं, ही कुणाची नाहीच.
तेवढं नाव तिला आजवर पुरलं.

मी सांगितलं: पारोळ्याला मशीन येणार आहे,
छातीचा फोटो काढतात,
गाठ हाताला लागायच्या आधी दिसते.
तिनं सूप थांबवलं नाही.
"आते तठे काय शे, आंडेर?
चार पोरं पी ग्यात, पाचवा जेठानीना.
आते रिकाम्या थैल्या."

फॉर्मवर रकाना होता: किती मुलांना अंगावर पाजले.
मी चार लिहिलं.
अक्षर येत नसताना ती डोकावली.
"पाच लिख."
खोडून पाच केलं.

दुसऱ्यांदा गेले तर कळण्याची भाकर वाढली, विषय नाही.
तिसऱ्यांदा म्हणाली,
"मन्हा मालकनी बी कधी उजेडमा देखी नही,
आन त्या मशीनले दखाडू?"
मग बराच वेळ नुसता तुरीचा आवाज,
फोलपटं उडून माझ्या साडीवर बसत होती.
आणि एकदम: "तू करी लिन्ही का तुन्ही?"

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दारात,
लसी, लोहाच्या गोळ्या, रात्रीची बाळंतपणं,
खोकणाऱ्यांच्या थुंकीच्या डब्या.
अठ्ठावन्न सरलं,
आणि माझ्याच वहीत माझं नाव नव्हतं.
"मंग?" ती म्हणाली, आणि सूप पालथं घातलं.

गाडीत आम्ही अकरा जणी.
पेटीतली लुगडी काढलेली, लग्नाला निघाल्यासारखी,
तोंडं मात्र मुकी, पदर दुहेरी ओढलेले.
मशीनवरची पोरगी लांबच्या जिल्ह्यातली,
"मावशी, श्वास धरा," एवढंच म्हणायची.
पाटी थंड. वरून दुसरी खाली येते,
आणि माणूस छताकडे बघत राहतं.
सुपडाबाई बाहेर आली, पोलक्याची गाठ बांधत,
"भाकर थापाले बी यापेक्षा जास्त जोर लागस."
अकरा जणी अशा हसल्या
की आतल्या डॉक्टरनं दार उघडून पाहिलं.

आठ दिवसांनी दहा कागद चांगले आले.
अकरावा मी कुणाला दाखवला नाही.
'पुढील तपासणीसाठी धुळे.'
दुसरीचा असता तर घरी जाऊन वाचून दाखवला असता,
घाबरू नका म्हटलं असतं, चहा घेतला असता.
दोन दिवस तो पिठाच्या डब्याखाली.

तिसऱ्या सकाळी ती दारात, काखेत सूप.
कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.
"बस ह्यामा."
मी बासष्ट किलोची, दोन सुनांची सासू.
तिनंही एकदा सुपाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग म्हणाली, "कागद दे."

तो सुपात ठेवून उकिरड्यापर्यंत चालत गेली,
मी मागे, अनवाणी.
तिथं तीनदा पाखडलं.
कागद उडाला, परत सुपातच पडला,
एका कोपऱ्याला शेणाचा डाग लागला.
माझ्यापुढे तळहात केला: "दाम?"
मी पोलक्यातून वीसची नोट काढली,
अंगाच्या उबेची.
तिनं ती कनवटीला लावली आणि कागद दिला.

"यानी काही व्हत नही," ती म्हणाली,
"तपासाले जानंच पडी.
साडेसातनी गाडी शे.
ह्या वीस मन्हा तिकिटना व्हयनात.
तुन्हं तू काढ."