तीन वेढे

वर दस्तगीर, खाली मी.
मधे साठ फूट दोर
आणि राजारामपुरीच्या नवव्या गल्लीतला शिरीष,
ज्याची एक फांदी नेर्लेकरांच्या सोलरवर,
एक विजेच्या तारेवर,
आणि बुंध्यात एवढी ढोली
की गेल्या साली आत मांजर व्याली होती.

‘दोर मी धरतो,’ म्हटलं,
तर नेर्लेकरांचा पुण्याचा जावई हसला.
बाई असून धरतो?
आमच्याकडं बाया धरतोच म्हणतात, पावणं.
आणि धरतोही.

शिरोलीला कोअर शॉपात बारा वर्षं
वाळूचे गाभे उचललेत.
वजन काट्याच्या आधी हाताला कळतं.
ही फांदी तीन पोती सिमेंट.
ती पलीकडची, वाकडी, चार.
पानांचं वेगळं.
पानं हलकी म्हणू नका,
पानं वारा धरतात.

कप्पी वरच्या धडक्या बेचक्यात, पट्ट्यानं आवळलेली.
दोर तिच्यातून खाली,
बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळकांड्यावर.
उद्यमनगरात लेथवाल्या हुपरीकरानं
जुन्या पाइपातनं कातून दिलंय ते.
कडा मी बोटानं तपासल्या,
कडेला धार राहिली तर दोर खाते.
नळकांड्याला तीन वेढे.
दोन कमी पडतात, चारात दोर अडतो.
आणि हाताला एकही नाही.

हाताला वेढा माझ्या नवऱ्यानं घेतला होता,
कळंब्याला, माड उतरवताना.
आता तो चहा डाव्या हातानं पितो
आणि डाव्याच हातानं वही लिहितो:
कुठला दोर कधी घेतला,
किती झाडं उतरवली,
कुठं धागा उसवला.

दस्तगीर वरनं ओरडत नाही,
ओरडणं वाऱ्यात फाटतं.
शिट्टी. एक म्हणजे ताण. दोन म्हणजे सोड.
तीन म्हणजे सगळ्यांनी भिंतीपलीकडं,
जावयासकट.

दुपारी वाकडी फांदी घेतली.
खालनं खाच, वरनं करवत,
मग तो कडाका,
आणि माझा हिशोब चुकला.
फांदीच्या पोटात वाळवीची माती होती, ओली,
वरपर्यंत ठासलेली.
चाराची सहा पोती झाली.

दोर पळाला.
तापलेल्या नायलॉनचा वास आला.
सगळं अंग म्हणत होतं, थांबव.
थांबवलं असतं तर झटका कप्पीला,
कप्पीचा बेचक्याला,
आणि बेचक्याच्या अंगाला दस्तगीर,
कमरेला पट्टा, पाय सालीत रुतवून.

म्हणून जाऊ दिलं.
सोडलं नाही, जाऊ दिलं.
दोहोंत फरक काय ते माझ्या हातमोज्याला विचारा,
तळव्याला भोक पडलंय.
मग हळूहळू मूठ.
मग अजून थोडी.
काचेच्या दीड वीत वर फांदी आली
आणि हेलकावे घेत राहिली.
शेंड्याच्या पानांनी सोलरची धूळ पुसली.

बराच वेळ शिट्टी नाही.
मग वरनं दस्तगीर म्हणाला,
शिट्टीबिट्टी विसरून,
‘अक्का, चहा सांगा.’

रात्री नवऱ्यानं दोर दिव्याखाली बोटाबोटानं चाचपला.
कुठंच तुटलेला नव्हता.
तरी वहीत लिहिलं: झटका. बाद.
नऊ हजारांचा दोर.
मी काही बोललो नाही.

आता त्याचे तुकडे गंगावेशीत दूधकट्ट्यावर
अप्पासो गवळ्याच्या म्हशींना आहेत.
परवा अर्धा लिटरसाठी थांबलो,
तर नजर आधी गाठीवर गेली.
निरगाठ, करकचून.
म्हटलं, अप्पासो, सुरगाठ मारा.
पंचगंगा काय सांगून येते काय,
एका हिसड्यात सुटली पाहिजे.
तो हसला, धार काढत राहिला.
मी पिशवी खांद्याला अडकवली,
वाकलो,
आणि म्हैस हुंगत असताना
गाठ सोडून परत बांधली.